खोकल्याचे औषध आणि आठ महिन्यांची शिक्षा

३० जुलै २०१९ रोजी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने तीन खेळाडूंवर बंदी घातल्याचे जाहीर केले. तिघांच्याही लघवीच्या नमुन्यांत निषिद्ध द्रव्ये सापडली होती. त्यांतले एक नाव सर्वांच्या परिचयाचे होते, ते म्हणजे मुंबईचा पृथ्वी शॉ. आदल्याच वर्षी राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा काढल्या होत्या. दुसरा खेळाडू आपल्या विदर्भाच्या संघातला होता, तिसरा राजस्थानचा.

शॉचा नमुना २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूर येथे, सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी घेतला होता. त्यात टर्ब्युटॅलिन हे द्रव्य आढळले. शॉने सांगितले, की आपल्याला जोराचा खोकला व सर्दी झाली होती, म्हणून आपण खोकल्याचे औषध घेतले; त्यात निषिद्ध द्रव्य आहे याची आपल्याला कल्पना नव्हती. मंडळाला हे म्हणणे पटले. तरीही त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी घातली गेली. त्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता.

विद्यार्थी मित्रहो, ही शिक्षा न्याय्य होती काय? तुमच्यापैकी काही जण म्हणतील, “खोकल्याच्या औषधासाठी एवढी शिक्षा? हा तर अन्याय झाला.” दुसरे म्हणतील, “नियम तो नियम. मोठा खेळाडू म्हणून सूट कशाला?” दोन्ही बाजूंत थोडे तथ्य आहे. पण नीट उत्तर द्यायचे तर आधी थोडे विज्ञान पाहिले पाहिजे आणि मग ‘शिक्षा’ या शब्दाचा अर्थ तपासून घेतला पाहिजे.

ही द्रव्ये शरीरात काय करतात?

‘उत्तेजक’ या एकाच नावाखाली आपण अनेक प्रकारची द्रव्ये मोडतो. टर्ब्युटॅलिन हे दम्याचे औषध आहे. श्वासनलिकांच्या भिंतींतील स्नायू आवळले, की धाप लागते. हे औषध ते स्नायू सैल करते आणि वाट मोकळी होते. म्हणूनच ते खोकल्याच्या काही पातळ औषधांतही घातलेले असते. मात्र याच कुळातील काही द्रव्ये मोठ्या मात्रेत पोटात घेतली, तर ती स्नायूंची वाढ घडवतात. त्यामुळे हे सारे कूळच निषिद्ध द्रव्यांच्या यादीत आले.

याहून पुष्कळ गंभीर प्रकार म्हणजे स्टेरॉईड. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक आपल्या शरीरात मुळातच तयार होत असते. प्रयोगशाळेत बनविलेली त्याची भावंडे, उदाहरणार्थ मेथॅन्डिएनोन किंवा स्टॅनोझोलॉल, स्नायूंच्या पेशींत शिरून प्रथिने बनविण्याचा वेग वाढवतात. व्यायाम करणाऱ्याचे स्नायू त्यामुळे लवकर भरतात. पण शरीर हा हिशेब पुरा वसूल करते. यकृत व हृदय यांवर ताण पडतो आणि शरीर स्वतःचे संप्रेरक बनविणे कमी करते. वाढत्या वयाच्या मुलांना तर आणखी एक धोका असतो. हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात. उंची वाढते ती त्यांच्यामुळे. स्टेरॉईडमुळे हे पट्टे वेळेआधीच हाडात रूपांतरित होऊ शकतात, आणि मग उंची तेथेच थांबते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नॉर्वेतील संशोधकांनी उंदरांना काही काळ टेस्टोस्टेरॉन दिले. त्यांच्या स्नायूतंतूंतील केंद्रकांची संख्या वाढली. औषध थांबविल्यावर स्नायू पूर्वीएवढे झाले, पण वाढलेली केंद्रके तीन महिने उलटले तरी टिकून राहिली. पुढे त्या उंदरांवर व्यायामाचा भार टाकला, तेव्हा त्यांचे स्नायू इतर उंदरांपेक्षा लवकर वाढले. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. उंदराचे ते माणसाचे, असे लगेच म्हणता येत नाही. पण बंदीची मुदत संपली म्हणजे औषधाचा फायदाही संपला, असे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यावरून दिसते.

यंत्राला हेतू दिसत नाही

खेळाडूचा नमुना दोन बाटल्यांत भरतात, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’ बाटलीत काही सापडले, तर खेळाडूला ‘ब’ बाटलीची तपासणी मागण्याचा हक्क असतो. तपासणी करणारी यंत्रे रेणूंची वस्तुमाने मोजतात व ग्रॅमच्या अब्जांशाइतके द्रव्यही ओळखतात.

बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन तर मोठ्या गमतीने पकडले जाते. कारखान्यातले टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींतील द्रव्यांपासून बनवितात. निसर्गात कार्बनचे १२ व १३ असे दोन स्थिर समस्थानिक असतात. ज्वारी, मका आणि ऊस यांच्यात कार्बन-१३ चे प्रमाण सोयाबीनपेक्षा किंचित अधिक असते. आपण सर्व प्रकारचे अन्न खातो. त्यामुळे आपल्या शरीरात बनलेल्या टेस्टोस्टेरॉनमध्ये हे प्रमाण मधले असते. नमुन्यातील प्रमाण त्याहून कमी निघाले, की संप्रेरक शरीरातले नव्हे, बाहेरचे आहे, हे उघड होते. ज्वारी आणि सोयाबीन ही दोन्ही पिके विदर्भातल्या मुलांनी शेतात पाहिलेली असतात. त्यांच्यातला हा अदृश्य फरक खेळाडूचे भवितव्य ठरवू शकतो!

द्रव्य शरीरात होते किंवा नव्हते, हे विज्ञान असे बऱ्याच खात्रीने सांगू शकते. पण ते मुद्दाम घेतले, की डॉक्टरांनी दिले, की औषधाच्या दुकानातून नकळत घरी आले, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. आणि शिक्षेचा सारा प्रश्न तर तेथेच आहे.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, १९९९ साली स्थापन झाली. तिच्या नियमांचा पाया असा, की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला तो खेळाडूच जबाबदार. ऐकायला हे कठोर वाटते. पण ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर सुटका होऊ लागली, तर प्रत्येक जण हेच म्हणेल आणि चाचणीला अर्थच उरणार नाही. म्हणून हा पाया मला मान्य आहे. मात्र त्या पायावर दोन वेगळ्या गोष्टी उभ्या आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो.

निकालाची दुरुस्ती वेगळी, शिक्षा वेगळी

सिडनी येथील २००० सालच्या ऑलिंपिकमध्ये रुमानियाची सोळा वर्षांची आन्द्रेया रादुकान जिम्नॅस्टिक्सच्या सर्वांगीण स्पर्धेत पहिली आली. तिला सर्दी झाली होती म्हणून संघाच्या डॉक्टरांनी तिला गोळी दिली होती. त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन होते व ते तेव्हा निषिद्ध होते. तिचे सुवर्णपदक काढून घेतले गेले. क्रीडा लवाद न्यायालयात तिने दाद मागितली, पण पदक परत मिळाले नाही. तिच्यावर बंदी मात्र घातली नाही; शिक्षा झाली ती डॉक्टरांना.

लहान मुलीचे पदक काढून घेणे निर्दयपणाचे वाटते. पण समजा, परीक्षेत एका विद्यार्थ्याच्या नकळत त्याच्या गुणांत दहा गुण चुकून जास्त मिळविले गेले. ती चूक लक्षात आल्यावर गुण कमी करावेच लागतील, कारण त्याच यादीत दुसऱ्या विद्यार्थ्याचाही क्रमांक आहे. यात पहिल्या विद्यार्थ्याला शिक्षा झाली असे कोणी म्हणणार नाही. ती हिशेबाची दुरुस्ती झाली. त्याला वर्षभर शाळेतून काढून टाकले, तर ती शिक्षा. आणि शिक्षेसाठी त्याने काहीतरी अपराध केलेला असला पाहिजे, निदान हलगर्जीपणा तरी.

माझे मत हेच आहे. निषिद्ध द्रव्य सापडले, तर त्या सामन्याचा किंवा शर्यतीचा निकाल रद्द व्हावा. हेतू चांगला की वाईट, हे तेथे विचारू नये. बंदी मात्र अपराधाच्या वजनाप्रमाणे असावी आणि ती लहानथोर सर्वांना एकाच तराजूने तोलून दिली जावी.

हा भेद पाळला नाही तर काय होते, ते अमेरिकेतील बेसबॉलच्या उदाहरणावरून दिसते. बेसबॉलमध्ये चेंडू मैदानाबाहेर टोलविला, की ‘होम रन’ होते. आपल्याकडचा षटकारच म्हणा. १९९८ साली मार्क मॅग्वायर याने एका हंगामात ७० होम रन काढून विक्रम केला. २००१ साली बॅरी बॉन्ड्सने तो मोडून ७३ केले. पण त्या खेळात शिक्षेसह चाचण्या सुरू झाल्या त्या २००४ साली. मॅग्वायरने स्टेरॉईड घेतल्याचे २०१० मध्ये स्वतःच मान्य केले. बॉन्ड्सवर संशय होता, पण त्याने जाणूनबुजून काही घेतल्याचे नाकारले, आणि बेसबॉलच्या चालकांनी त्याच्यावर उत्तेजकांबद्दल कधीच बंदी घातली नाही. दोघांचे आकडे आजही विक्रमांच्या पुस्तकांत आहेत. मात्र त्या खेळातील थोर खेळाडूंच्या सन्माननीय यादीसाठी मतदान करणाऱ्या पत्रकारांनी बॉन्ड्सला २०१३ ते २०२२ अशी दहा वर्षे नाकारले. म्हणजे हिशेब दुरुस्त झाला नाही, रीतसर चौकशी होऊन निकाल लागला नाही, आणि शिक्षा तर झाली! ज्या वर्षांत चालकांनी डोळे मिटून घेतले होते, त्या वर्षांचा सारा दोष अशा रीतीने काही खेळाडूंच्या माथी आला.

आपल्याकडचा तराजू

आता पुन्हा पृथ्वी शॉकडे वळू. त्याचा अपराध हलगर्जीपणाचा होता. व्यावसायिक खेळाडूने कोणतेही औषध संघाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे त्याला शिकविलेले असणारच. आजारासाठी असे औषध लागलेच, तर उपचारासाठी सवलत मागण्याची सोयही नियमांत आहे. तेव्हा काही महिन्यांची बंदी मला अन्यायाची वाटत नाही.

पण तारखा पाहा. नमुना घेतला २२ फेब्रुवारीला. शॉला तात्पुरते निलंबित केले १६ जुलैला. बंदी जाहीर झाली ३० जुलैला. पण ती मोजली १६ मार्चपासून आणि संपली १५ नोव्हेंबरला. या मधल्या काळात, मार्च ते मे, तो आयपीएलमध्ये दिल्लीच्या संघाकडून खेळत होता! विलंब त्याच्यामुळे झाला नाही आणि त्याने चूक लगेच कबूल केली, हे मंडळाने दिलेले कारण आहे. ते खरेही असेल. पण ज्या दिवसांत खेळाडू हजारो प्रेक्षकांसमोर खेळत होता, ते दिवस बंदीत धरले तर लोकांचा विश्वास कसा बसावा? त्यावेळी क्रिकेटमध्ये चाचणीची व्यवस्था करणारे, निकाल देणारे आणि संघ निवडणारे मंडळ एकच होते. ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळाने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे ‘नाडा’ची, चाचणी मान्य केली. ती आधीच मान्य करायला हवी होती. विदर्भाच्या खेळाडूलाही आठच महिन्यांची बंदी झाली, पण त्याचे नाव आज किती जणांना आठवते? मोठ्या नावाला आणि लहान नावाला एकच न्याय मिळतो की नाही, हे पाहण्यासाठी निकाल देणारा त्रयस्थ असावा लागतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला नरसिंग यादवची हकीकत आहे. हा तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ झालेला पहिलवान. २०१५ सालच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्याने ७४ किलो गटात रिओ ऑलिंपिकसाठी भारताची जागा मिळविली. २०१६ च्या जून-जुलैत त्याच्या नमुन्यांत मेथॅन्डिएनोन सापडले. ‘माझ्या खाण्यात कोणीतरी मुद्दाम मिसळले,’ असे त्याने सांगितले. १ ऑगस्टला ‘नाडा’च्या समितीने ते मान्य करून त्याला निर्दोष ठरविले. ‘वाडा’ने त्याविरुद्ध दाद मागितली. १८ ऑगस्टला, त्याची कुस्ती अवघ्या एका दिवसावर आली असताना, क्रीडा लवाद न्यायालयाने त्याला चार वर्षांची बंदी घातली. घातपाताचा खरा पुरावा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

येथे मन खरोखर द्विधा होते. सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर आहे. पण आपल्या ताटात कोणी काय टाकले हे एकटा पहिलवान कसे सिद्ध करणार? उलट, नुसत्या आरोपावर सोडून दिले तर उद्या प्रत्येक जण आचाऱ्याकडे बोट दाखवील. निकाल मी चुकीचा म्हणत नाही. पण चार वर्षे म्हणजे पहिलवानाच्या उमेदीचा मोठा हिस्सा. एवढी मोठी शिक्षा द्यायची, तर चौकशीचे कामही तेवढेच मोठे हवे. खेळाडूच्या शंकेचा तपास पोलिसांनी व क्रीडा-संस्थांनी झटपट आणि कसून करणे, हा त्या न्यायाचाच भाग आहे. केवळ प्रयोगशाळेचा कागद पुरे नाही.

सर्वांनाच मोकळीक दिली तर?

काही जण विचारतात, की एवढा खटाटोप हवाच कशाला? खेळाडू मुळातही समान नसतात. फिनलंडचा स्कीपटू ईरो मॅन्टिरान्टा याच्या शरीरात जन्मजात एक जनुकीय फरक होता; त्यामुळे त्याच्या रक्तात लाल पेशी फार अधिक होत्या. त्याने ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके मिळविली. निसर्ग असा पक्षपात करतो, तर मग औषधांनी तो भरून काढायला काय हरकत आहे?

हरकत आहे. मॅन्टिरान्टाच्या लाल पेशींमुळे दुसऱ्या कोणाला स्वतःच्या शरीराची नासाडी करावी लागली नाही. पण एकाने स्टेरॉईड घेतले व ते चालते असे ठरले, की शेजारच्या पट्टीत धावणाऱ्यालाही ते घ्यावे लागते. मग त्याच्या मागच्याला, मग शाळेच्या संघातल्या मुलाला. शेवटी सर्वांची आघाडी पुन्हा सारखीच राहते. बिघडतात ती फक्त यकृते आणि हृदये. पूर्व जर्मनीत हे सरकारी योजनेने घडले. खेळाडूंना, त्यांत कोवळ्या मुलींनाही, निळ्या गोळ्या दिल्या जात आणि त्या जीवनसत्त्वाच्या आहेत असे सांगितले जाई. देशाला पदके मिळाली. पुढे त्यांतल्या अनेकींना आयुष्यभराची दुखणी मिळाली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तेथील क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड व डॉक्टर मान्फ्रेड ह्योप्नर यांना दोषी ठरविले, पण कैद निलंबित ठेवली. दोघांपैकी कोणालाही तुरुंगात जावे लागले नाही.

या उदाहरणात मला न्यायाची सर्वांत मोठी उणीव दिसते. खेळाडू पकडला जातो, कारण द्रव्य त्याच्या शरीरात असते. ते देणाऱ्याच्या शरीरात काहीच नसते! ‘वाडा’च्या २०२३ सालच्या आकडेवारीनुसार भारताने ५६०६ नमुने तपासले व त्यांतील २१३ मध्ये निषिद्ध द्रव्ये आढळली. अशा नमुन्यांमागे कितीदा प्रशिक्षक असेल, व्यायामशाळेतला ‘जाणकार’ असेल, चिठ्ठीशिवाय इंजेक्शन विकणारा दुकानदार असेल. त्यांनाही शोधून त्यांच्यावर खटले भरल्याशिवाय शिक्षेचा तराजू समतोल होणार नाही.

तुमच्याशी संबंध काय?

मित्रहो, हा प्रश्न फक्त कोट्यधीश क्रिकेटपटूंचा नाही. नागपुरात पहाटे मानकापूरच्या क्रीडा संकुलात किंवा रेशीमबागेच्या मैदानावर जाऊन पाहा. शालेय स्पर्धांची तयारी करणारी मुलेमुली आणि पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणारे तरुण तेथे दिसतील. एक-दोन सेकंदांवर त्यांचे पदक किंवा नोकरी अवलंबून असते. ‘एक इंजेक्शन घे, दम टिकेल’ असा सल्ला देणारा अशाच ठिकाणी भेटतो. त्याने दिलेल्या कुपीत काय आहे हे ना त्याला ठाऊक असते, ना घेणाऱ्याला.

‘वाडा’च्या नियमांत सोळा वर्षांखालील खेळाडूंना सौम्य वागणूक आहे. आपला मोठा दोष किंवा हलगर्जीपणा नव्हता असे दाखविता आले, तर केवळ ताकिदीपासून जास्तीत जास्त दोन वर्षांच्या बंदीपर्यंत त्यांना शिक्षा होऊ शकते. हे योग्यच आहे. पण ज्याला नियमच सांगितला नाही, त्याला ताकीद तरी कोणत्या तोंडाने द्यायची? तालुका पातळीवरील स्पर्धेपासून प्रत्येक खेळाडूला, त्याच्या पालकांना आणि खेळाच्या शिक्षकांना ही माहिती मराठीतून मिळाली पाहिजे. भारतात २०२२ साली उत्तेजकविरोधी कायदा झाला. लोकांना माहिती देणे हेही त्या कायद्याखालचे काम आहे. शिक्षेआधी शिक्षण द्यावे, एवढी अपेक्षा खेळाडूंनी ठेवली तर ती अवाजवी नाही.

तुम्ही स्पर्धेत उतरत असाल, तर आजारी पडल्यावर डॉक्टरांना आपण खेळाडू आहोत हे आधी सांगा. औषधाच्या वेष्टनावरील घटकद्रव्यांची नावे वाचा. शक्ती वाढविणाऱ्या पुडीच्या डब्यावर ‘नैसर्गिक’ असे छापलेले असले, तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. मित्राने दिलेली गोळी घेऊ नका.

आणि पुढच्या वेळी एखादा आवडता खेळाडू चाचणीत सापडल्याची बातमी वाचाल, तेव्हा लगेच ‘बिचारा’ किंवा ‘लबाड’ म्हणू नका. आधी विचारा: निकाल दुरुस्त झाला काय? शिक्षा अपराधाच्या मापाची आहे काय? निकाल देणारा त्रयस्थ होता काय? आणि ज्याने औषध दिले, त्याचे काय झाले? या चारही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच त्या शिक्षेला न्याय म्हणावे.